बारा मीटर काळी रेघ

विमा कंपनीला मी एका खडूच्या जोरावर हरवणार होतो! वकील नको, वशिला नको. गेली सव्वीस वर्षं मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतोय. रस्त्यावर जे काही आपटतं, घसरतं, उडतं ते माझ्याच पुस्तकातले नियम पाळून! शिस्तीलाही मी कडक. वेग लिहिला आणि त्याची दिशा लिहायची राहिली, की अर्धा गुण कापलाच म्हणून समजा. सव्वीस वर्षांत एकालाही सोडलं नाही. अशा माणसापुढे विमा कंपनी म्हणजे काय, पाटी फुटलेलं पोर!

झालं होतं ते असं. माझी थोरली बहीण शिवणकाम करते. त्या दिवशी ती कात्रीला धार लावून घरी परतत होती. भली थोरली लोखंडी कात्री, फडक्यात गुंडाळून उजव्या हातात धरलेली. सलूनच्या अलीकडे गटाराचं गोल झाकण आहे, तिथे एका पार्सलवाल्याच्या स्कूटरचं हँडल थेट तिच्या मनगटावर बसलं. मनगट मोडलं आणि हाड वाकडं जुळलं. डॉक्टर म्हणाले, "महिन्याच्या आत ऑपरेशन झालं तर अंगठा बोटाला टेकेल. नाहीतर मूठ अशीच अर्धवट." खर्च झेपणार होता तो त्या स्कूटरच्या विमा कंपनीने भरपाई दिली तरच.

अंगठा बोटाला टेकला नाही तर सुई कशी धरायची? आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. ताईच्या मशीनच्या टकटकीवर मी पाढे पाठ केले, तिच्याच चिंध्यांच्या ढिगावर झोपी गेलो. माझी शाळेची पहिली चड्डी तिनेच शिवली होती, दोन्ही खिसे एकाच बाजूला! तेव्हा ती स्वतःच तेरा वर्षांची होती.

आणि पार्सलवाल्याने कंपनीला काय लिहून द्यावं? "माझी गाडी ताशी पंधराने होती. धक्का लागला नाही. बाई दचकून आपणहून पडल्या."

ताईला मोडलेल्या हाडापेक्षा तो 'आपणहून' जास्त ठणकत होता. "आपणहून गळून पडायला मी काय पिकलेला पेरू आहे?"

"ताई, तू फक्त बघ," मी म्हणालो. "गाडी किती वेगात होती ते रस्ताच सांगेल."

"अरे, पण माझी कात्री..."

"कात्री नवी घेऊ! आधी शास्त्र!"

रस्त्यावर रेघ होती. चांगली ठसठशीत, चाक घासून उमटलेली काळी रेघ, अगदी त्या गोल झाकणापाशी संपणारी. मी टेप लावला. बारा मीटर! आता रस्त्याचं घर्षण किती ते कळलं, की ब्रेक मारताना गाडीचा वेग किती होता ते दोन ओळींत निघतं. घर्षण मोजायला हवा एक जुना टायर, टायरवर वजन आणि एक काटा. शाळेतला ताणकाटा पहिल्याच ओढीला लांब होऊन मेला. मग रद्दीवाल्याचा लोंबता काटा उसना आणला. वजन म्हणून टायरवर दाजींना बसवलं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. रिटायर झाल्यापासून ते कुठेही बसायला तयार असतात.

मी दोर खांद्यावर घेऊन भर दुपारी रस्त्यावरून दाजींना ओढू लागलो. सलूनमधली गिऱ्हाइकं गालांवर फेस घेऊन बाहेर आली.

"काय हो, काय चाललंय?" सलूनवाल्याने विचारलं.

"घर्षण!" मी धापा टाकत म्हणालो.

"असं होय," तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "घरचं भांडण आहे, चला आत."

"मास्तर, मला जरा एक सांगायचंय," मागून दाजी म्हणाले. "ती रेघ..."

"दाजी, हलू नका! काटा थरथरतो!"

"पण त्या दिवशी..."

"बोलूही नका! बोललात की हलता!"

दाजी अधिक टायर मिळून पासष्ट किलो. काट्याने पंचेचाळीस दाखवले. मी आनंदाने मागे वळलो, दोर सैल पडला, दाजी टायरवरून घरंगळले आणि त्यांची विजार मागून टर्रकन फाटली. आम्ही तिघं घरी हसत बसलो होतो. दाजींनी सवयीने ती विजार ताईच्या मांडीवर टाकली. ताईने प्लॅस्टरमधला हात उचलला, पाहिला आणि खाली ठेवला. मग कुणी हसलं नाही. झाकलेल्या मशीनवर विजार तशीच पडून राहिली.

त्या रात्री मी हिशेब तीनदा केला. उत्तर तिन्ही वेळा तेच आलं. ताशी सेहेचाळीस!

बुधवारी कंपनीच्या कचेरीत सुनावणी होती. खोली चौकोनी, खुर्च्या हलत्या, पंखा नुसता आवाजाचा. टेबलामागे एक जाडजूड साहेब आणि शेजारी कंपनीची इंजिनिअर, तिशीतली मुलगी. मला पाहून ती उठूनच उभी राहिली. "नमस्कार सर! दहावी ब, तिसरा बाक."

"हो हो, आठवतंय ना!" मी म्हणालो. काही आठवत नव्हतं. पण मनात म्हटलं, झालं! आपलीच विद्यार्थिनी, आता निकाल खिशात!

मी तक्ता उलगडला. लाल शाईत रस्ता, काळ्या शाईत रेघ. पाऊण तास बोललो. बारा मीटर, घर्षण शून्य दशांश सात, म्हणून वेग ताशी सेहेचाळीस! शेवटची ओळ मी दोनदा अधोरेखित केली आणि खडूचा हात झटकला. खडू नव्हता, तरी झटकला.

साहेबांचा चेहरा उतरला होता. इंजिनिअर मात्र तक्ता निरखत होती. "सर, गणित अगदी बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "पण दिशा?"

"कसली दिशा?"

तिने फोटो पुढे सरकवला. "रेघ इथे फिकट सुरू होते आणि झाकणाकडे येताना गडद होत जाते. म्हणजे ही गाडी शाळेकडून आली. पार्सलवाला तर चौकाकडून येत होता. अगदी विरुद्ध दिशा आहेत, सर."

शाळेकडून? त्या रस्त्याने शाळेकडून त्या दिवशी कोण येणार...

"मी तेच सांगत होतो!" दाजी उसळले. "त्या दिवशी हिला मी उचलत होतो, तेवढ्यात माझा फोन ऐकून तुम्ही तुमच्या स्कूटरवरून आलात कर्रर्र करत! चाक माझ्या चपलेला टेकलं! तुमचीच रेघ ती!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही हलू कुठे दिलंत मला!"

तर मंडळी, मी बारा मीटर टेप लावून, दाजींना रस्त्यावर फरफटवून, पाऊण तास भाषण ठोकून शास्त्रशुद्ध सिद्ध केलं होतं, की ताईच्या गल्लीत ताशी सेहेचाळीसने गाडी हाणणारा बेजबाबदार इसम मीच!

साहेबांच्या चेहऱ्याला पुन्हा रंग चढला. "ठीक आहे," त्यांनी फाइल मिटायला घेतली. "म्हणजे दुसरा काही पुरावा नाही. बाई आपणहून..."

मी ताईकडे पाहूच शकलो नाही. महिना संपायला अकरा दिवस उरले होते. तिने माझ्यावर भिस्त ठेवली होती आणि मी तिचं मनगट दुसऱ्यांदा मोडलं होतं.

"थांबा साहेब," इंजिनिअर म्हणाली आणि ताईकडे वळली. "मावशी, तुम्हाला काय आठवतं?"

"मला बाई एकच आठवतं," ताई म्हणाली. "माझी कात्री उडाली. याला पहिल्या दिवसापासून सांगतेय, हा ऐकेल तर ना!"

"कुठे उडाली?"

"सलूनच्या लाकडी पायरीत जाऊन रुतली. भोक आहे अजून. सलूनवाला रोज येईल त्याला दाखवतो."

मुलगी खुर्चीवरून उठली, ती थेट सलूनपाशी पोचली. मागे साहेब, ताई, दाजी आणि सगळ्यांत मागे, पायी, मी. पायरीत भोक होतं, कात्रीच्या टोकाएवढं. सलूनवाला अभिमानाने म्हणाला, "मीच उपटली ती दोन हातांनी! माझ्या डोळ्यांदेखत उडत आली. जमिनीला लागलीसुद्धा नाही."

मुलीने झाकणापासून भोकापर्यंत टेप लावला. चार मीटर. ताईचा हात किती उंचावर होता, पायरी किती उंच, तेही मोजलं. मग खडू माझ्यापुढे धरला. "सर, तुम्हीच करा."

मी रस्त्यावर उकिडवा बसलो. पासष्ट सेंटिमीटर खाली पडायला कात्रीला लागलं सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. तेवढ्यात ती चार मीटर पुढे गेली. म्हणजे ताशी चाळीसच्या आसपास. कात्रीला हा वेग देणारी गाडी त्याहून हळू असणं शक्यच नव्हतं. आणि माणूस आपणहून पडला तर कात्री पायाशी पडते, चार मीटर उडत नाही. उत्तर लिहून मी थांबलो आणि पुढे ठळक बाण काढला. चौकाकडून सलूनकडे!

साहेब बाणाला वळसा घालून सलूनकडे वळले. मग म्हणाले, "चहा मिळेल का इथे कुठे?" दावा मंजूर झाल्याचं ते पहिलं लक्षण होतं.

ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. पट्टी सुटल्यावर ताईने अंगठा बोटाला टेकवून दाखवला, जणू चिमटीत चंद्रच धरलाय. पहिलं काम म्हणजे दाजींची विजार. टाके वेडेवाकडे आले, पण दाजी ती घालून गल्लीभर हिंडले.

कंपनीच्या अहवालाची प्रतही आली. पुरावा एक, कात्री. पुरावा दोन, माझा तक्ता. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: "रीत बरोबर, उत्तर बरोबर. दिशा लिहिलेली नाही. अर्धा गुण वजा."

ताईने तो कागद मशीनच्या वर भिंतीला डकवलाय. मी तिच्याकडे जातो तेव्हा हल्ली पायीच जातो. गल्लीच्या तोंडाशी सलूनवाला गिऱ्हाइकांना पायरीतलं भोक दाखवतो, आणि मग रस्त्यावरची ती काळी रेघ. रेघ कुणाची, हेही सांगतो. नावानिशी.