मेलेल्या झाडाचे चार मालक

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोच्या फोनवर रोज सकाळी सात वाजता एक निरोप यायचा : 'आपल्या झाडाला पाणी घाला.' घरात झाड नव्हतं. लग्नाला सात वर्षं झाली तरी डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता, कारण सातला ते दाढी करत असत. त्या दिवशी नळाचं पाणी गेलं, ते साबणाच्या तोंडानेच बाहेर आले आणि निरोप त्यांच्या नजरेस पडला.

"कुठलं झाड?"

"ते मेलं कधीच," बायको म्हणाली. "जुन्या ऑफिसात खिडकीत होतं. माझं आणि जिराफचं."

जिराफ म्हणजे तिचा तेव्हाचा सहकारी. कपाटावरची फाईल तो स्टुलाशिवाय काढत असे. दोघांनी मिळून झाडाची आठवण करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या संगणकांवर, चालू करून ठेवला. प्रकल्पाचं नाव 'आपलं-झाड'. पुढे झाड वाळलं, जिराफने नोकरी बदलली, प्रकल्प तेवढा टिकला.

"म्हणजे त्यालाही सातलाच येतो हा निरोप?"

"येत असेल. दोघांच्या नावावर आहे ना."

डॉक्टरांच्या गालावरचा साबण वाळला. आपली बायको आणि एक उंच माणूस रोज एकाच मिनिटाला एकाच झाडाची आठवण काढतात, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. दुखणं मुळासकट उपटायचं, हा त्यांचा धंदाच. आजच्या आज हे काढून टाक, असं त्यांनी फर्मावलं.

तिने बटण दाबलं. उत्तर आलं : प्रकल्पाला कुलूप आहे, पुसता येणार नाही. कुलूप जिराफने लावलेलं, चुकून कोणी पुसू नये म्हणून. डॉक्टरांनी समोर उभं राहून फोन लावायला लावला. कुलूप काढायला जिराफची ना नव्हती. पण ते त्याच्या जुन्या ऑफिसच्या खात्यावरून लावलं होतं आणि तो गेला त्याच दिवशी ते खातं बंद झालं होतं. थोडक्यात, किल्ली विहिरीत.

क्लाउडवाल्या कंपनीने मार्ग सुचवला. कुलूप तोडायला खातं चालू असलेले दोन मालक लागतात; आणखी एक जोडा, दोघांच्या अर्जावर आम्ही कुलूप तोडू.

"मी होतो," डॉक्टर म्हणाले.

हे जिराफच्या बायकोला कळलं. ती वकील. नवऱ्याच्या फोनवरचा तोच निरोप पाहून तीही इतकी वर्षं मनातल्या मनात जळत होती. एका पक्षाचा नवरा मालक होणार असेल तर दुसऱ्या पक्षाची बायकोही होईल, असं तिने लेखी कळवलं. दुसऱ्या दिवशी सातला मेलेल्या झाडाला पाणी घालायची आठवण चौघांना झाली.

अखेर कुलूप तुटलं, प्रकल्प पुसला गेला. पण कंपनीचा आणखी एक नियम निघाला. पुसलेला प्रकल्प तीस दिवस कचऱ्याच्या यादीत राहतो, आणि तोवर कोणताही मालक तो परत आणू शकतो.

आता पहारा आला. रोज दुपारी एक वाजता डॉक्टर आणि वकीलबाई आपापल्या जागी यादी उघडत आणि फोनवर एकमेकांना हजेरी देत. पहिल्या आठवड्यात संभाषण "आहे कचऱ्यात" आणि "आहे" एवढंच. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी आपल्या अक्कलदाढेचा विषय काढला. तिसऱ्यात त्या न्यायाधीशाच्या झोपेतल्या घोरण्याची नक्कल करून ऐकवू लागल्या, आणि शेवटचा पेशंट खुर्चीत आ वासून डॉक्टरांचं हसणं थांबायची वाट पाहू लागला.

एकोणतिसाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "उद्या शेवटचा दिवस, डॉक्टर. सुटलो एकदाचे."

"सुटलो," डॉक्टर म्हणाले. मग बराच वेळ कोणीच फोन ठेवीना.

तिसाव्या दिवशी पाऊण वाजता डॉक्टरांनी दवाखान्याचं दार आतून लावलं. त्यांनी 'परत आणा' दाबलं.

उत्तर आलं : हा प्रकल्प आज बारा वीसला परत आणलेला आहे.

डॉक्टरांच्या पोटात गुदगुल्या झाल्या. वकीलबाई! त्यांनी घाईघाईने नोंद उघडली. नाव त्यांच्या स्वतःच्या बायकोचं होतं.

ते तडक उठले, जिना चढून वर घरात गेले. जाब विचारायला तोंडही उघडलं. तेव्हा लक्षात आलं, की तू तिथे काय करत होतीस असं विचारायचं, तर आधी आपण तिथे काय करत होतो ते सांगावं लागेल. ते गुपचूप हात धुऊन पानावर बसले.

"गेलं का हो ते?" तिने वाढता वाढता विचारलं.

"गेलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भाजीत मीठ आहे की नाही ते बघू लागली.

एक वाजला. टेबलावर पालथे ठेवलेले दोघांचे फोन एकदमच थरथरायला लागले. डॉक्टरांचा वकीलबाईंच्या हजेरीचा; तिचा कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही. दोघंही खाली मान घालून जेवत राहिली.