मानीबाईची अठराशे सत्तरची ओढणी

विलायतेला कापूस धाडण्यासाठी इंग्रजांनी यवतमाळ जिल्ह्यात बांधलेल्या एका दगडी कचेरीत शासनाने वस्त्रसंग्रहालय उघडले. उद्घाटनापुरती म्हणून बंजारा तांड्यावरच्या मानीबाईची आरसे-नाणी जडवलेली ओढणी मागून नेली. ती काचेआड गेली आणि खाली पाटी लागली : ‘इ. स. १८७०. कारागीर अज्ञात. कला नामशेष.’

अज्ञात कारागीर त्यानंतर तीन वर्षे जगली. आपल्या बाराव्याला तीच ओढणी लेकीने डोक्यावर घ्यावी, एवढेच जाताना बोलली. म्हणून अकराव्या दिवशी तिची लेक बबिता कचेरीत जाऊन उभी राहिली.

संग्रहपाल राजदीप सरांनी हळहळ व्यक्त केली, ती नोंदवहीत चढवली आणि कळवले की, वस्तू जिने दिली तिलाच ती समक्ष परत करता येते.

“ते तं गेली ना, सर.”

“हरकत नाही. येतील तेव्हा देऊ.”

बबिताने काचेवरूनच ओढणीच्या काठावरच्या चार आण्याच्या नाण्यावर बोट ठेवले. “याच्यावर एकोणीसशे शहाऐंशी हाये. अठराशे सत्तरच्या ओढणीले हे कुठून लागलं? माह्या याडीनं, मायनं लावलं. मी सुई ओवून देत होती तिले.”

राजदीप सर गंभीर झाले. ‘पुरातन वस्तूशी छेडछाड’ असा शेरा मारून त्यांनी ते नाणे तिच्यादेखत कापून काढायला लावले. ओढणी पुन्हा अठराशे सत्तरची झाली.

तरी शासन काही निर्दय नाही. ओढणी बाहेर जाऊ शकत नव्हती. बारावे आत येऊ शकत होते. ‘नामशेष परंपरेचे प्रात्यक्षिक’ या सदराखाली मंजुरी मिळाली. वेळ : अकरा ते साडेअकरा.

दुसऱ्या दिवशी हातमोजे घातलेल्या शिपायाने ओढणी बबिताच्या डोक्यावर टेकवली. मावशी रुखमाबाईने तिला गळ्याशी धरले आणि तांड्याच्या रीतीप्रमाणे दोघींनी सूर काढून मानीबाईला हाका घातल्या. कापडाला ओल लागू नये म्हणून डोळे टिपायला वेगळी बाई नेमली होती.

साडेअकराला ओढणी उतरवली. बबिताचे रडे मात्र दिलेल्या वेळेत आटोपले नाही; तिला मागच्या दाराने नेण्यात आले.

तुम्ही प्रेक्षकांच्या पुढच्याच रांगेत होता. जाताना अभिप्रायवहीत तुम्ही वळणदार अक्षरात लिहिले : ‘बायका अगदी अस्सल वाटल्या. रडण्यापूर्वी सूचना दिली असती, तर व्हिडिओत सुरुवातही आली असती.’