मातालेनाची शांतीची थाळी

मातालेनाने उपचाराची वेळ दुपारची ठरवली आणि त्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की दिवसभर आईला तेच ऐकवत राहिली. संध्याकाळी प्रार्थनेचा टोल पडला की गावात कुत्रंसुद्धा रस्त्यावर हिंडत नाही. नेमकी तेव्हाच आपली थाळी वाजली तर गोंधळ व्हायचा! म्हणून दुपारी.

"मी सगळ्याचा विचार केलाय, आई," ती म्हणाली.

आई तारोचे कंद सोलत होती. सगळ्याचा विचार करणाऱ्या माणसाची मला फार धास्ती वाटते, एवढं बोलून ती सोलत राहिली.

मातालेना ऑकलंडला वृद्धाश्रमात नोकरीला होती. तिथे हळूहळू वाजणाऱ्या वाट्या आणि काशाची थाळी यांच्या आवाजाने म्हाताऱ्यांचं मन शांत करायची विद्या ती शिकली, आणि ती परातीएवढी थाळी विमानात मांडीवर घेऊन कायमची सामोआला परतली. कायमची, पण एका अटीवर. गावात उपचार करायला महिला मंडळाचं घर मिळालं तर राहायचं, नाहीतर परत ऑकलंडला जाऊन रात्रपाळ्या करायच्या. आणि घर देणं न देणं मानुलेले मामांच्या हातात होतं.

मानुलेले मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ आणि गावचे मुखिया. माणूस मोठा, शब्द मोठा, पोट तर त्याहून मोठं. पण वर्षभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. गावातली यच्चयावत भांडणं उशाला घेऊन ते आडवे व्हायचे आणि सकाळी ती तशीच घेऊन उठायचे. सिएला मामीने सगळी झाडपाल्याची औषधं करून पाहिली, चर्चच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण व्यर्थ. तेव्हा मामांनीच भाचीला सांगून टाकलं, की तुझ्या थाळीने मला झोप लागली तर घर तुझं, नाहीतर त्या थाळीचं आईच्या चुलीवर झाकण कर.

ठरल्या दिवशी मामा मंडळाच्या घरात चटईवर उताणे पडले. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब आणि वर छप्पर. त्यामुळे उपचार बघायला खांबाखांबाला बाया टेकल्या होत्या आणि मामा झोपले की नाही याची बातमी दर मिनिटाला मागे पोचवत होत्या. मातालेनाने लोकर गुंडाळलेला दांडा घेतला आणि थाळीला नुसता स्पर्श केल्यासारखा केला. फार गोड आवाज निघाला. बाया गप्प झाल्या. एकीला तर जांभईसुद्धा आली.

मामांनी एक डोळा उघडला आणि सुरू कधी करणार म्हणून विचारलं.

सुरू केलंय, ती म्हणाली. मग मला कसं ऐकू येत नाही, मामा म्हणाले. मामांचे कान वयाने गेलेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मामांना, आणि सगळ्याचा विचार करणाऱ्या मातालेनाला ते ऐन वेळी आठवलं! तिने जरा जोरात वाजवलं. मामांनी हाताने खूण केली, अजून. तिने अजून जोरात वाजवलं. मामा म्हणाले, "पोरी, बायकोची कुजबुजही याहून मोठी असते."

आता मातालेना इरेला पेटली. पदर खोचावा तशी तिने लुंगीसारखी नेसलेली लाव्हालाव्हा कमरेला घट्ट आवळली आणि थाळी घुमवायला घेतली. आधी खालच्या पट्टीत, मग वर, मग आणखी वर! खांब थरथरायला लागले. मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. हां, आता येतंय थोडंथोडं, ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात चर्चजवळचा सिलिंडर वाजला.

झाडाला टांगलेला तो रिकामा गॅसचा सिलिंडर हीच आमची घंटा. आणि मोठी लाट आली त्या वर्षापासून किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांचा नियम एकच. सिलिंडर सावकाश वाजला तर प्रार्थना, धडाधड वाजला तर डोंगर. कोण, का, कुठे असं विचारत बसायचं नाही, पळत सुटायचं. सिलिंडर धडाधड वाजत होता, आणि पाठोपाठ शेजारच्या गावाची घंटाही वाजू लागली.

मग काय! खांबाच्या बाया दिसेनाशा झाल्या. मातालेनाने मामांना बखोटीला धरून उठवलं. डोंगर चढायचा म्हणजे पाऊण वाट नुसती चिखलाची आणि केळीच्या बागांची. पुढून ती ओढत होती, मागून मामी ढकलत होती आणि मध्ये मामा देवाचं नाव घेत होते. वर पोचले तर सगळं गाव हजर. पाळकांची अर्धी दाढी केलेली, अर्धी साबणात. कोणी डुक्कर आणलेलं, कोणी कोकोचं भांडं न सांडता आणलेलं. आणि गुडघ्यांमुळे चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणणारी फिलोमेना म्हातारी सगळ्यांत वरच्या दगडावर बसून शहाळं पीत होती. पाळकांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

समुद्र मात्र खाली नुकत्याच घातलेल्या चटईसारखा सपाट होता. रेडिओवर गाणी चालली होती. धरणीकंप नाही, इशारा नाही, काही नाही. तेव्हा लोकांना वाचल्याचा आनंद झाला आणि मग हळूहळू राग यायला लागला. वाजवलं कोणी?

घंटा वाजवणारा इओआने पुढे झाला. मी शेजारच्यांचं ऐकून वाजवलं, तो म्हणाला. शेजारचे पलीकडच्या टेकाडावरून ओरडले की आम्ही तुमचं ऐकून वाजवलं. तेव्हा शब्द फिरवून इओआनेने शपथ घेतली. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आधी समुद्र खोल गुरगुरावा तसा आवाज आला, मग तो वाढत गेला, मग जमीन हलल्यासारखी वाटली.

मातालेनाही भक्तिभावाने ऐकत होती. मग तिच्या लक्षात आलं की आजूबाजूचे लोक इओआनेकडे बघत नाहीयेत. ते तिच्या हाताकडे बघतायत. दांडा अजून तिच्या हातात होता!

तिला वाटलं, इथेच गाडून घ्यावं. आख्ख्या गावाला, वर शेजारच्या गावाला तिने डोंगर चढवला होता, तोही शांती मिळावी म्हणून! घर गेलं, गाव गेलं, आता जन्मभर ऑकलंडच्या रात्रपाळ्या. आईने आभाळाकडे पाहिलं. मातालेना रडवेली होऊन म्हणाली, "मीच वाजवली थाळी. मामांना ऐकू यावं म्हणून."

निवाडा मुखियाने करायचा असतो. सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळल्या.

मामा फणसासारखी फळं येणाऱ्या एका ब्रेडफ्रूटच्या झाडाच्या बुंध्याला टेकून, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

पाळक आभाराची प्रार्थना सुरू करणार तोच सिएला मामी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बोट वर होतं.

"यांना कोणी उठवलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

झालं! निवाड्याशिवाय उठायचं नाही आणि मुखियाला उठवायचं नाही. दोन गावं डोंगरावर हूं की चूं न करता बसून राहिली. लोकांनी खुणा करून ब्रेडफ्रूट भाजले, खुणेनेच वाटले. लेकरं बापांच्या मांडीवर झोपली. भांडलेले दोन शेजारी बोलता येत नाही म्हणून एकमेकांकडे बघून हसायला लागले. सूर्य टेकला तेव्हा कुठे मामांनी आळस दिला.

काय झालं ते मामीने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. मामांनी बराच विचार केला.

"मी झोपलो होतो?"

"घोरत होतात," मामी म्हणाली.

"मग घर पोरीचं. मी शब्द दिलाय." मग त्यांनी घसा साफ केला. सरकारची माणसं पळण्याचा सराव घ्यायला आली तेव्हा निम्मं गाव जेवत बसलं होतं, आज फिलोमेनासुद्धा वर आहे, असं ते म्हणाले. तेव्हा इतका चांगला आवाज एका घरात कोंडून ठेवणं योग्य नाही. थाळी चर्चपाशी टांगायची, संकटाची घंटा म्हणून. आणि दंड म्हणून मातालेनाच्या आईचं डुक्कर. त्या डुकराची मेजवानी रविवारी दोन्ही गावांनी मिळून केली आणि आईनेही दोनदा वाढून घेतलं.

सोमवारी मातालेनाने घर झाडलं. थाळी गेली तरी लहान वाट्या होत्याच, सुरुवात तर होईल! पहिली आली सिएला मामी, काखेत चटई आणि डोळे लाल. मामा आता रोज रात्री झोपतात, तिने सांगितलं. आणि घोरतात. घराला भिंती नाहीत, शेजारच्या चार घरांचीही झोप गेलीय. तिच्या मागोमाग त्या चार घरच्या बायाही आपापल्या चटया घेऊन हजर होत्या.

मातालेनाचा आनंद गगनात मावेना. तिने सगळ्यांना ओळीने झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि वाटी उचलली.

मामीने डोळे न उघडताच तिचा हात धरला. "पोरी," ती म्हणाली, "ते काही वाजवू नकोस हं."

बाकीच्या बायांनीही पडल्या पडल्या माना हलवल्या. म्हणून आमच्या गावात ध्वनिउपचाराचं घर आहे, रोज भरलेलं असतं, आणि उपचार करणारी बाई दिवसभर खांबाशी बसून कोंबड्या हाकलते, त्याही खुणेनेच.