बाळकाकांनी अपडेट लावले

एका वेळी एकच काम करणाऱ्या माणसांची बाळकाका केळकरांना मनापासून कीव येई. सगळी नोकरी एका कारखान्याच्या नियोजन खात्यात गेलेली. निवृत्त झाले, पण नियोजन काही अंगातून गेलं नाही. मंडईत भाजीला जायचं, तर त्याच फेरीत चष्म्याची काडी, घड्याळाचा सेल, मिक्सरचं भांडं आणि एखाद्या आजारी माणसाची विचारपूस हे सगळं उरकून यायचं. ओळखीतलं कुणी आजारी नसेल, तर मंडईच्या वाटेवर राहणारा एखादा आजारी माणूस ते शोधून काढत, असं त्यांच्या पत्नी वासंतीबाई म्हणत. वासंतीबाई शाळेत गणित शिकवत असत. त्या कमी बोलत आणि बोललेलं बरोबर निघे, त्यामुळे काका त्यांच्याशी वाद घालायचं टाळत.

त्या रविवारी सकाळी मात्र काका फॉर्मात होते. त्यांचा मुलगा शौनक नेदरलँड्सला राहतो. जाताना तो आपलं गेम खेळायचं मशीन कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ठेवून गेला होता. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजता नात स्वराली तिकडून आणि काका इकडून, असे दोघं मोटारींची शर्यत खेळत. काका दर वेळी हरत आणि आठवडाभर त्या हरण्यावर खूश असत. पण मागचे दोन रविवार शर्यत झालीच नव्हती. गेम उघडला की मशीन म्हणे, आधी अपडेट करा. आणि अपडेट या शब्दाचं काय करायचं असतं, हे काकांना कळायला दोन रविवार लागले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण स्वरालीला दुसरेही आजोबा होते. सून श्रद्धाचे वडील, उत्तरेश्वरराव. मूळचे लातूरचे, आता मुलाकडे, तेजसकडे हिंजवडीला राहायला आलेले. त्यांनीही असंच मशीन घेतल्याची बातमी आली होती. आणि मागच्या रविवारी स्वराली अगदी गोड आवाजात म्हणाली होती, "आजोबा, तुमचं नाही झालं तर नो प्रॉब्लेम. मी लातूरच्या आजोबांबरोबर खेळेन."

हा 'नो प्रॉब्लेम' काकांच्या घशात अडकला. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही. आज सहाच्या आत गेम चालू झाला नाही, तर नात हिंजवडीला गेली, हे त्यांनी मनाशी धरून टाकलं होतं.

शौनकने फोनवर सगळं समजावून सांगितलं होतं. फक्त मोटारींच्या गेमवर जायचं, अपडेट दाबायचं, तासाभरात काम होतं. काकांनी मशीन लावलं आणि पाहतात तो काय, शौनकचे जुने डझनभर गेम ओळीने अपडेट मागत उभे! फुटबॉल, बुद्धिबळ, शेती, विमान, शिवाय भुतांना गोळ्या घालायचा एक. आता समोर एवढं काम पडलेलं असताना त्यातलं एकच करून उठायचं, हे नियोजन खात्याच्या माणसाला कसं पटावं? खाली 'सगळे अपडेट करा' असं बटणही होतं. काकांनी ते दाबलं. पडद्यावर डझनभर पट्ट्या एकदम सरकायला लागल्या आणि आपण रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये बसलोय असं त्यांना वाटलं.

"चारपर्यंत सगळं तयार," त्यांनी जाहीर केलं.

"गाडीचं आधी होऊ द्या, मग बाकीचं," वासंतीबाई म्हणाल्या.

काकांनी त्यांना एकाच गॅसवर एकामागून एक भांडं चढवणं आणि चार शेगड्या एकदम पेटवणं यातला फरक समजावून सांगितला. वासंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि मोबाईल घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या.

एक वाजता जेवणं झाली. आता पुण्यातल्या घरात एक ते चार काय चालतं, ते वेगळं सांगायला नको. केळकरांकडे याची पद्धत ठरलेली होती. पडदे ओढायचे, फोनचा आवाज बंद करायचा आणि बेल बंद करायची. बेल प्लगमध्ये बसणारी होती, ती दिवाणखान्यातल्या लांबट बोर्डात खोचलेली असे. काकांनी रोजच्यासारखं त्या बोर्डाचं बटण बंद केलं, चेहऱ्यावर पेपर घेतला आणि घोरू लागले.

चारला उठले, बोर्डाचं बटण चालू केलं, चहा सांगितला आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. पट्ट्या एक वाजता होत्या तिथेच होत्या. एकही सरकली नव्हती! काकांनी तडक इंटरनेट कंपनीला फोन लावला, तर ती बाई म्हणाली की लाईन व्यवस्थित आहे. काकांनी तिला विचारलं की व्यवस्थित या शब्दाचा आपल्याकडे काय अर्थ होतो. तिने आणखी काही सेवा हवी आहे का असं विचारून फोन ठेवला.

मग काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. लाईन व्यवस्थित आहे, मशीन व्यवस्थित आहे, नियोजन तर व्यवस्थित आहेच. म्हणजे आपलं वायफाय दुसरं कुणीतरी ओढतंय! पुढच्या पाच मिनिटांत लिफ्टशेजारी पाटी लागली:

'आमचे वायफाय वापरणाऱ्यांस सूचना. आपण कोण ते आम्हांस ठाऊक आहे. तरीही आपण चारचौघांत मान वर करून फिरता, याचे कौतुक वाटते. – केळकर.'

कोण ते काकांना अजिबात ठाऊक नव्हतं. पण वरच्या मजल्यावर तनुजा नावाची कॉलेजात शिकवणारी मुलगी एकटी राहत असे आणि ती सदा लॅपटॉप घेऊन बसलेली दिसे. पाटीतली मान तिच्यावर बेतलेली होती. थोड्या वेळाने काका पाटीचा परिणाम बघायला गेले, तर खाली निळ्या शाईत ओळ वाढली होती:

'काकांचे वायफाय वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही. पोचत असते, तरी त्यापेक्षा ग्रंथालयात चालत जाऊन यायला कमी वेळ लागतो. – तनुजा.'

मागोमाग ती स्वतःच खाली आली. पाटीबद्दल चकार शब्द काढला नाही. हातात कुरियरचं पार्सल होतं, ते तिने वासंतीबाईंना दिलं आणि म्हणाली, "दुपारी दोन वाजता आलं होतं. कुरियरवाल्याने खूप वेळा बेल वाजवली, पण तुमची बेल बंद होती. म्हणून मी घेऊन ठेवलं."

वासंतीबाईंनी तिचे आभार मानले, दार लावलं आणि त्या दिवाणखान्यातल्या बोर्डाकडे बघत राहिल्या.

"अहो, बेल ज्या बोर्डात आहे, त्यात दुसरा प्लग कसला आहे?"

काकांनी वाकून पाहिलं आणि ते बराच वेळ वर आले नाहीत. दुसरा प्लग राउटरचा होता. राउटर आला त्या दिवसापासून केळकरांचं इंटरनेट रोज दुपारी त्यांच्याबरोबर झोपत होतं, आणि घरात जागं कुणी नसल्यामुळे आजवर ते कुणाला कळलं नव्हतं.

काकांनी मुकाट्याने जाऊन पाटी काढली. परत येऊन पाहतात तो पट्ट्या पुन्हा सरकू लागल्या होत्या. पण डझनभर एकदम, म्हणजे एका बादलीवर बारा जणांच्या आंघोळी! बाकीच्या थांबवून मोटारींची तेवढी होऊ द्या, असं वासंतीबाईंनी पुन्हा सुचवलं. काका म्हणाले, सुरू केलेलं काम अर्धवट सोडायची आपल्याकडे पद्धत नाही. साडेपाचला बुद्धिबळ तयार झालं. मग शेती तयार झाली. मग भुतं तयार झाली. मोटारी मात्र कूर्मगतीने चालल्या होत्या आणि पडद्यावर लिहून आलं: अजून पन्नास मिनिटं.

काका सोफ्यावर मागे टेकले. आपल्याकडे साडेसहा वाजले की तिकडे स्वरालीला पोहायला जायचं असे. "संपलं," ते हळूच म्हणाले, "गेली ती हिंजवडीला." त्यांचा आवाज असा उतरलेला वासंतीबाईंनी फार दिवसांत ऐकला नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. दारात उत्तरेश्वरराव उभे होते, घामाघूम, छातीशी कापडी पिशवी धरलेली. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं गेमचं मशीन डोकावत होतं.

"मीच बोलावलं," वासंतीबाई म्हणाल्या. "सकाळीच. तुमचं नियोजन ऐकलं तेव्हाच."

उत्तरेश्वरराव संकोचून म्हणाले, "व्याहीबुवा, आमच्याकडं हा एकच गेम हाय. दुसरा मला येतच नाही. त्यामुळं अपडेट झालेला हाय."

मशीन जोडलं, पण ते काही इंटरनेटवर जाईना. सगळं इंटरनेट काकांच्या पट्ट्या पीत होत्या. वरच्या तनुजाचं वायफाय मागू का, असं वासंतीबाईंनी विचारलं. काकांनी खिशातली चुरगळलेली पाटी चाचपली आणि नको म्हणाले. सहा वाजले. वासंतीबाईंच्या मोबाईलवर स्वरालीचा चेहरा आला. "आजोबा, रेडी?"

काकांनी पट्ट्यांकडे पाहिलं. खाली लिहिलं होतं, कृपया मशीन बंद करू नये. त्यांनी डोळे मिटले आणि सगळ्या कामांसकट मशीनचा प्लग उपटला.

आता दुसरी अडचण उभी राहिली. एका मशीनवर एकच गाडी पळे, म्हणजे हातात धरायचं बटणांचं यंत्रही एकालाच मिळणार होतं. उत्तरेश्वररावांनी ते काकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुम्हीच खेळा, तुमचा रविवार हाय." काकांना भरून आलं. आठवडाभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, तो माणूस हिंजवडीहून मशीन छातीशी धरून आला होता! ते सरकले आणि सोफ्यावर शेजारी जागा केली. "डावं तुम्ही धरा. उजवं मी."

म्हणजे वळवायचं उत्तरेश्वररावांनी आणि पळवायचं काकांनी. गाडी आधी मागे गेली, मग कुंपणात, मग पुन्हा जिथून निघाली तिथे. दोघं एकमेकांना सूचना करत होते आणि दोघंही अंगाने वळत होते, एकदा तर व्याही व्याह्याच्या मांडीवरच आला. तिकडे स्वराली शर्यत संपवून हसून हसून गडाबडा लोळत होती. "आजोबा, पुढच्या रविवारी पण असंच! दोघांनी मिळूनच! प्लीज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या बाकावर काका वासंतीबाईंशेजारी पाय पसरून बसले होते. नेहमीच्या मंडळींना त्यांनी सहज ऐकवलं की काल एक आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत झाली आणि त्यात आपला आणि आपल्या व्याह्यांचा दुसरा नंबर आला.

मंडळी चाट पडली. एकाने विचारलं, "गाड्या किती होत्या?"

काका वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

"दोन," वासंतीबाई म्हणाल्या.