मोजे, चष्मा आणि काटा

शब्दांच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! छापखान्यात तेहतीस वर्षं प्रुफं तपासलीत मी. कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की माझी झोप उडायची. तेव्हा ताईची चिठ्ठी मी चुकीची वाचली असं कुणी म्हणत असेल, तर आधी सगळं ऐका.

बायकोच्या हातांना भेगा पडल्या होत्या. भांड्यांचा साबण बाधतो म्हणायची. चिमटीत मीठ घेतलं तरी "स्स" करायची. मला ते बघवेना. माझी थोरली बहीण घरीच पातळ साबण बनवते, हाताला एकदम मऊ. म्हटलं, आपणही बनवू! ताईने तेल आणि कॉस्टिक पोटॅशचा डबा पाठवला. सोबत चिठ्ठी:

"पोटॅश जहाल असतं. आधी पाणी, मग त्यात पोटॅश, उलट कधीच नाही. मोजे, चष्मा आणि काटा असल्याशिवाय सुरुवात करू नकोस. पोटॅश काट्यानेच घे, अंदाजाने नको. प्रमाण फोनवर सांगते."

स्वच्छ मजकूर, एकही चूक नाही. मी कपाटातून मोजे काढून पायात चढवले. चष्मा नाकावर होताच. काटा मात्र सापडेना. शेवटी सहलीच्या पेटीत, चमच्यांमध्ये, ॲल्युमिनियमचा एक निघाला.

आता साबणाला काटा कशाला? मलाही कोडं पडलं. पण डबा उघडला आणि उलगडा झाला. आत पांढरे पापुद्रे होते! बोट न लावता ते उचलायला काट्यासारखं दुसरं काय असणार? मी ताईला मनातल्या मनात हात जोडले. मग फोनची वाट कोण बघतो? स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं, सहा काटे पोटॅश टाकलं आणि त्याच काट्याने ढवळायला लागलो.

शेगडी बंद होती तरी पातेलं तापलं! चुर्रर्र आवाज झाला आणि बघता बघता हा एवढा फेस! तेलाची बाटली अजून उघडलीही नव्हती, तरी साबण तयार!

"अगं, लवकर ये! तुझ्या हातांसाठी साबण केलाय!"

ती आली. "अहो, माझ्यासाठी?" म्हणाली, आणि अशी काही खूश झाली की मला माझाच अभिमान वाटला. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"प्रमाण सांगायचं राहिलं! घेतलंस का रे पोटॅश? किती घेतलंस?"

"सहा काटे!"

"सहा? एवढे काटे कुठून आणलेस?"

"एकच आहे. सहा वेळा वापरला."

"सहा वेळा मोजलंस? शहाणा झालास की! आता तो काटा कोरड्या जागी ठेव."

"कोरड्या कसा ठेवू? पातेल्यात आहे. ढवळतोय ना!"

"काटा पातेल्यात? अरे, बिघडेल तो!"

"बिघडतोय कसला! फेस काढतोय नुसता!"

ताईने हळूच विचारलं, "बाळ्या, तुझ्या काट्याला दात आहेत का?"

"चार," मी म्हणालो आणि काटा वर उचलून बघितला. "म्हणजे, होते."

"अरे गाढवा! काटा म्हणजे वजनकाटा! मोजे म्हणजे रबरी हातमोजे! साबण नाही तो, कातडी सोलून काढेल! कुणाला हात लावू देऊ नकोस!"

मी वळलो. बायकोने कौतुकाने फेसाजवळ बोट नेलं होतं. तेच, भेगाळलेलं.

मी फोन टाकला आणि तिचं मनगट धरून मागे खेचलं. ती वाचली. काट्यावरचे थेंब उडाले ते माझ्या हातावर. आधी बुळबुळीत लागलं आणि मग अशी आग! "हात भाजला! लिंबू कुठाय?" ओरडत मी धावलो.

"लिंबू नको, नळाखाली धर!" जमिनीवरच्या फोनमधून ताई किंचाळत होती. "वीस मिनिटं! खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका, पातेलं झाकू नका! काटा विरघळून पेटणारा वायू सुटतोय!"

बायकोने खिडक्या उघडल्या, मला न्हाणीघरात नेलं आणि माझा हात नळाखाली धरून ठेवला. "हलू नका. घड्याळाचा मोठा काटा चारवर येईपर्यंत."

आणखी एक काटा! मला हसू आलं. तिला आलं नाही.

वीस मिनिटं बघायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी तिचे हात बघितले. अंगठ्याजवळची भेग चांगलीच खोल होती. माझ्याबरोबर तिच्याही बोटांवरून पाणी चाललं होतं आणि ती ओठ दाबून उभी होती. फार लाज वाटली मला.

"इतकं दुखतं, तर बोलली का नाहीस?"

"बोलले होते. म्हटलं, चार दिवस भांडी घासाल का? तुम्ही म्हणालात, घासणं वेगळं, विसळणं वेगळं, आधी नेमका शब्द वापर."

मला आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवला.

संध्याकाळी ताई स्वतः आली. डोळ्यांना गच्च बसणारा गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. पातेलं निस्तरलं, मला चार शब्द सुनावले आणि पोटॅश परत घेऊन गेली.

हल्ली भांडी मी करतो. हातमोजे हातात घालून! बायकोच्या भेगा भरत आल्यात. परवा ताईने एक खोकं पाठवलं, वर लिहिलंय, "यात काटा आहे. वजनाचा. याने ढवळू नये." मी लगेच उघडायला घेतलं, तर बायको म्हणाली, "आधी ती भांडी घासा."

भांडी घासून झाली होती. फक्त विसळायची राहिली होती. शब्द अगदी ओठांवर आला होता हो! पण मी तो गिळला आणि नळ सोडला.