भुजाबा रेड्याची सूचना

मला गोष्टी सांगायला आवडत नाही. पण बागेत बाकावर टेकलं की पोरं धोतर ओढतात, आणि त्यांच्या आया म्हणतात, "सांगा की हो आजोबा, तेवढ्यात आमच्या चार फेऱ्या होतील." म्हणजे चालणार तुम्ही आणि घसा माझा बसणार. बरं, बसा खाली. मधेच कुणी शू म्हणायचं नाही.

एका जंगलात एक डबकं होतं आणि त्या डबक्यात एक रेडा होता. नाव भुजाबा. सकाळी चरायचं आणि ऊन चढलं की चिखलात बसायचं. शौक म्हणून नाही. अंगावर चिखल नसला की गोचिडं त्याला जगू देत नसत.

त्या जंगलात बागांचा आराखडा होता. आराखडा म्हणजे काय? जे जिथं आहे ते तिथं नको, याचं चित्र. तो जुना झाला, म्हणून कोल्हेसाहेबांनी नवा काढला. त्यात डबक्याच्या जागी फरशी होती, आणि फरशीवर कारंजं.

"अजून पक्कं काही नाही हं," कोल्हेसाहेब म्हणाले. "रहिवाशांनी हरकती-सूचना द्याव्यात. तीस दिवस. वाळक्या पानावर, सहीनिशी, पेटीत."

पेटी सावरीच्या लाकडाची. ती ठेवायला शिपाई तरसानं छानसा उंचवटा शोधला. तो उंचवटा म्हणजे वारूळ. वर लाकूड, आत वाळकी पानं आणि खाली वाळवी! साधं जनावर अशी चूक करत नाही, मुलांनो. त्याला कचेरीतच नोकरी लागते.

भुजाबाला लिहिता येत नव्हतं. तो साळिंदरबाईंकडे गेला. त्या पाठीचा काटा उपसून लेखणी करायच्या. जंगलात अक्षर काय ते त्यांचंच.

"साळूबाई, दोन ओळी लिहा. डबकं राहू द्या म्हणावं."

"असं नसतं लिहायचं, भुजाबा. 'सविनय' हवं, 'उपरोक्त विषयास अनुसरून' हवं. आणि आधी पाय धुऊन या. अंगण बघा माझं!"

"धुतो की. पण पाणी डबक्यातच आहे. तिथून येताना परत भरतात."

"मग राहू द्या. तुमच्यासारख्यांमुळंच हे जंगल मागं राहिलंय."

साळिंदरबाईंनी स्वतःची सात पानं लिहिली. सशांना हिरवळ लिहून दिली, माकडांना झोपाळे. पेटी गच्च भरली.

भुजाबानं काय केलं? वाळकं पान खाली टाकलं आणि त्यावर खूर दाबला. बोटभर चिखल बसला.

"ही सही झाली," तरस म्हणाला. "सूचना कुठाय?"

"तीच."

"टाक बाबा. मला काय, मोजूनच द्यायचीत."

पुढं तीस दिवस वाळवीनं दिवाळी केली. 'सविनय' खाल्लं, 'उपरोक्त' खाल्लं, झोपाळे फस्त केले. भुजाबाचं पान तेवढं राहिलं. एवढा चिखल बघून वाळवीला वाटलं, ही आपल्याच वारुळाची भिंत आहे. स्वतःचं घर कोण खातं?

सुनावणीला सिंहमहाराज आले. कोल्हेसाहेबांनी पेटी उघडली. आत भुसा, आणि वर एक चिखलाचा गोळा. मागं उभ्या भुजाबाला वाटलं, गेलं डबकं!

"काय म्हणतात रहिवासी?" महाराजांनी जांभई दिली. त्यांचे सुळे दिसले.

सुळे दिसले की कोल्ह्याला सुचतं. त्यानं पान उलगडून धरलं. "महाराज, इथं गोल जागा हवी म्हणतात. चिखलाची. खुराच्या मधे ही फट दिसते ना, ती पाऊलवाट."

"सगळे हेच म्हणतात?"

"जेवढ्या सूचना शिल्लक... म्हणजे विचाराधीन आहेत, तेवढ्या सगळ्या, महाराज."

"एकमत! माझ्या राज्यात! मंजूर!"

"आणि माझी सात पानं?" साळिंदरबाई फणकारल्या.

"त्यांचा पूर्ण समावेश झालाय, ताई," तरस म्हणाला. वारुळाकडे बघून म्हणाला, खोटं नाही बोलला.

तर डबकं राहिलं. कोल्हेसाहेबांनी त्याला कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि फाटकावर पाटी लावली : 'कृपया पाय धुऊन आत यावे.'

ज्यांना वाचता येतं ते सगळे फाटकाबाहेर थांबले. पाणी सगळं आत. साळिंदरबाई अजून उभ्या आहेत.

भुजाबाला वाचता येत नव्हतं. तो सरळ आत गेला आणि फतकल मारून बसला.

तात्पर्य : शहाण्याचं म्हणणं वाळवीला पचतं, चिखलाचं पचत नाही. तेव्हा मुलांनो, पाय धुऊ नका. आई ओरडली तर माझं नाव सांगा. आम्हाला हे तिसरीतच कळलं होतं. चिखलाच्या पायांची चुगली झाली, मास्तरांनी मला वर्गाबाहेर काढलं, आणि मी जो गेलो तो पुन्हा शाळेत फिरकलो नाही. चुगली करणारा वर्गाचा मॉनिटर ठणठणीत आहे. रोज याच बागेत बूट घालून फेऱ्या मारतो, मला बघून हात हलवतो, पण माफीचं नाव नाही. तो बघा, आलाच वळणावर. दिगंबर खोपकर!