सभासद क्रमांक एक घरी जेवत नाहीत

संगणकावरच्या कोऱ्या तक्त्यात सगळ्यात पहिल्या चौकटीत काय लिहायचं, हे सोपानरावांनी फारसा विचार न करता ठरवलं. त्यांनी 'श्री' लिहिलं. घोडथडीच्या सार्वजनिक वाचनालयात नवी वही घातली की पहिल्या ओळीत श्री आणि मग बाकीचं, असा त्यांचा शिरस्ता होता. वहीच्या जागी संगणक आला म्हणून देवाला वगळायचं की काय? उलट संगणक आला म्हणूनच देवाची जास्त गरज होती.

कारण सोपानराव संगणकाला भीत. (ते तसे बऱ्याच गोष्टींना भीत. मोकाट गाईला, तपासणीच्या साहेबाला, अनोळखी नंबरवरून येणाऱ्या फोनला आणि सविताला. सविता म्हणजे त्यांची बायको. भीतीचा क्रम शेवटाकडून वाचावा.) दौंडला गावोगावच्या ग्रंथपालांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा शिकवणाऱ्या सुलक्षणा मॅडम त्यांना म्हणाल्या होत्या, "घाबरू नका, तुमच्या हातून काही बिघडणार नाही." त्यावर सोपानराव जास्तच घाबरले. न बिघडवणाऱ्या माणसाला असं कोण सांगतं? बाकीचे लोक माउस फिरवत होते. सोपानरावांनी तो दिवसभर नुसता घट्ट धरून ठेवला.

काम सोपं होतं म्हणे. सभासदांची नावं, त्यांचे मोबाईल नंबर आणि कुणाकडे कोणती पुस्तकं आहेत, एवढं तक्त्यात भरायचं. मग तक्ता वर चढवायचा. पुढचं सगळं आपोआप. हा 'आपोआप' शब्द मॅडमनी फार कौतुकानं उच्चारला होता. आपोआप झालेली कुठलीच गोष्ट सोपानरावांना आजवर मानवली नव्हती, पण हे सांगणार कुणाला?

श्रीच्या खाली पहिलं नाव अर्थातच हौसराव आप्पांचं. आप्पा वाचनालयाचे अध्यक्ष, गावचे माजी सरपंच आणि वाचनालय ज्या गाळ्यात होतं त्या गाळ्याचे मालक. शेजारच्याच गाळ्यात त्यांचं खतं-औषधांचं दुकान. आप्पांनी जन्मात एक पुस्तक उघडलं नव्हतं, पण सभासद क्रमांक एक तेच. क्रमांक दोनवर खुद्द ग्रंथपाल सोपानराव. तिथून खाली जनता.

आता इथं गावची एक रीत सांगायला हवी. वाचनालयाचं कार्ड घरटी एक, आणि ते घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. वाचायच्या मात्र बाया. वाचनालयासमोरच्या पारावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव बारमाही चाले, त्यामुळं बाया तिकडं फिरकत नसत. बचत गटाच्या कामाला निघाली की सविताच पिशवीत पुस्तकं भरून घेई आणि घरोघर बदलून देई. आपल्या नावावर आपली बायको काय वाचते, हे गावातल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. त्यामुळं गावात शांतता होती.

पुस्तकांची नावं सवितानंच मोबाईलवर टाईप करून पाठवली. कार्डांच्या क्रमानं, एकाखाली एक. सोपानरावांनी ती उचलून तक्त्यात मोबाईल नंबरांच्या पुढच्या रकान्यात अगदी वरपासून चिकटवली. (उचलणं आणि चिकटवणं एवढीच विद्या त्यांनी दौंडहून आणली होती.) नावं वाचत बसले नाहीत. ग्रंथपालच वाचत बसला तर काम कोण करणार? डोळे मिटून त्यांनी तक्ता वर चढवला.

सकाळी सगळ्या गावाचे मोबाईल एकदम टिंगटिंगले. "प्रिय वाचक, आपल्याकडे असलेली पुस्तके खालीलप्रमाणे. आनंदाने वाचा."

सोपानरावांच्या मोबाईलवर पुस्तक होतं, 'टक्कल : कारणे आणि स्वीकार'. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. सवितानं हे आपल्यासाठीच आणून ठेवलं असणार. त्यांना जरा लागलंच, पण बोलायची सोय नव्हती. ते गुपचूप सायकल काढून वाचनालयात गेले.

तिथं जयसिंग उभा होता. वडील गेल्यावर कार्ड त्याच्या नावावर आलेलं. पोरगं रांजणगावला कंपनीत, कारेगावला खोली करून राहणारं आणि अजून बिनलग्नाचं. सुट्टीला घरी आलं होतं.

"सोपानमामा, ह्ये काय लावलंय?" त्यानं मोबाईल नाकासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, 'गरोदरपणाचे पहिले तीन महिने'. "आई सकाळपासनं इचारतीया, पोरगी कुठली ते सांग! रडून घर डोक्यावर घेतलंय तिनं!"

"संगणक खोटं बोलत न्हाई बाबा," सोपानराव म्हणाले आणि जयसिंगकडं संशयानं पाहू लागले.

जयसिंग तणतणत गेला आणि दारात हौसराव आप्पा आले. आप्पा रोज पारावरूनच ओरडत, "सोप्या, पेपर आन!" आज ते आत आले, शटर अर्धं खाली ओढलं, खुर्चीवर बसले आणि हळूच म्हणाले, "सोपानराव."

हे 'राव' ऐकताच सोपानरावांनी ओळखलं. गाळा गेला. नोकरी गेली. चार कपाटं पुस्तकं घेऊन आता कुठं जायचं?

"माझ्या कार्डावर पुस्तकं कोन नेतं?"

"आपल्या घरच्या दगडाकाकी, आप्पा. म्हंजी सविता पोचवती, काकी वाचत्यात."

आप्पांनी मोबाईल टेबलावर ठेवला. सोपानरावांनी वाचलं. 'परसबागेतील विषारी वनस्पती'. त्याखाली 'पुराव्याअभावी निर्दोष : गाजलेले खटले'. आणि त्याखाली 'एकटीचा सुखी संसार'.

"पार शेवटपतोर इचार केलाय बघ तिनं," आप्पा म्हणाले. "आधी काय घालायचं, मग सुटायचं कसं, आन् फुडं ऱ्हायचं कसं."

"आप्पा, नुसतं वाचनासाठी..."

"काल तिनं शिरा केला! सन न्हाई, वार न्हाई, पावना न्हाई. शिरा! म्हनली, खावा गरम गरम. मी म्हनलं, पोट दुखतंय. आन् बरं झालं गड्या, सकाळी ह्यो मेसेज आला."

तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या आवाजानं ग्रामसभा गप्प व्हायची, तो माणूस शिऱ्याला भ्यायला होता. सोपानरावांना त्यांची कीव आली असती, पण कीव यायला आधी स्वतःची भीती ओसरायला लागते. त्यांच्या डोळ्यांसमोर कोर्ट उभं राहिलं. दगडाकाकी आरोपी क्रमांक एक. विषाचं पुस्तक पुरवणारा ग्रंथपाल आरोपी क्रमांक दोन. आणि काकी तर खटल्यांचा अभ्यास करून सुटणार! अडकणार कोण?

"ती पुस्तकं तिच्याकडनं काढून आन," आप्पा म्हणाले. "पन तिला संशय येता कामा न्हाई. आन् भाईर एक शब्द गेला तर गाळा खाली करायचा. कळलं?" मग त्यांची नजर खिडकीतल्या डब्याकडं गेली. "सवितानं काय दिलंय आज?"

त्या दिवसापासून आप्पा दुपारचे वाचनालयात जेवू लागले. म्हणजे सोपानरावांचा डबा आप्पा जेवत आणि सोपानराव समोर बसून बिस्किटं खात.

"सविताच्या हातचं कसं निवांत खाता येतं," आप्पा बोटं चाटत म्हणत. "जिवाला घोर न्हाई. तू नशिबवान हायस, सोपान."

नशिबवान सोपानराव पाण्यात बिस्किट बुडवत.

घरी त्यांनी एकदा धीर करून विषय काढला. "दगडाकाकी सध्या काय वाचत्यात गं?"

सवितानं भाकरी थापता थापता मान वर केली. "वाचकाचं वाचन गुप्त ठेवायचं असतं, असं दौंडावरनं शिकून आलावता ना? मग? बायकांच्या वाचनात नाक खुपसू नका."

"न्हाई, सहज..."

"सहज बी न्हाई. आन् आप्पांकडनं काय तरी शिका जरा. रातच्याला जेवाय बसले की पैला घास काकींना देत्यात. म्हनत्यात, आधी तू खा. काकींच्या डोळ्यांत पानी आलं हो सांगताना. म्हनल्या, लग्न झाल्यापासनं पैल्यांदा इचारलं बाई. आता रोज गोडधोड करत्यात त्यांच्यासाठी."

इकडं आप्पा भीतीनं पहिला घास देत होते, तिकडं काकी प्रेमानं रोज शिरा करत होत्या, आणि शिरा बघून आप्पा आणखी भीत होते. पिशवीतून पुस्तकं काढून आणायची तर सविताला सांगावं लागणार, आणि सविताला सांगायचं तर बायकांचं वाचन मेसेजनं पुरुषांना कळवलं, हे कबूल करावं लागणार. ते गप्प बसले. रात्रभर त्यांना स्वप्नात कोर्टातला पट्टेवाला हाका मारत होता.

आप्पा मात्र दिवसेंदिवस खंगत चालले. एका दुपारी त्यांनी दुकानातल्या कीटकनाशकांच्या कपाटाची चावी सोपानरावांच्या हातात ठेवली. "तुझ्याकडं असू दे. घरात नको." एवढ्या जबाबदारीची चावी सोपानरावांनी कधी धरली नव्हती. त्यांनी ती धोतराच्या सोग्यात बांधली असती, पण ते पॅंट घालत. मग ती मोज्यात ठेवली आणि दिवसभर लंगडत चालले.

त्याच दुपारी आप्पांनी डबा उघडून पहिला घास उचलला आणि फोन वाजला. सुलक्षणा मॅडम होत्या. सोपानराव उभे राहून बोलू लागले.

"तुमच्या एका वाचकाला मेसेज पोचत नाहीये. त्यांचा मोबाईल नंबरच भरलेला नाही तुम्ही."

"कुनाचा, मॅडम?"

"श्री म्हणून कोणी आहेत. आडनाव नाही, पत्ता नाही. त्यांच्याकडे 'शेळीपालनातून समृद्धी' आणि 'सोप्या रांगोळ्या' अशी दोन पुस्तकं आहेत."

"मॅडम, ते... ते देव हायत."

"काय आहेत?"

"देव. सुरुवातीला लिवलंय आपलं. आमी लिवतो."

मग मॅडमचा आवाज आला. त्या रडत होत्या की हसत होत्या ते कळेना. "अहो, तुम्ही नावांच्या डोक्यावर देव बसवलात, पण पुस्तकांच्या डोक्यावर काहीच नाही! त्यामुळे सगळी नावं एक घर खाली सरकली. कुणाची पुस्तकं कुणाच्या नावावर लागलीत! थांबा, काही हात लावू नका. मी इथूनच नीट करते. दुरुस्त मेसेज सगळ्यांना आपोआप जातील."

सोपानरावांनी फोन ठेवला आणि एकदम ओरडले, "आप्पा! काकी निर्दोष हायत!"

"पुराव्याअभावी?" आप्पांनी दचकून विचारलं.

"न्हाई, खरोखरच! माझीच चूक हाय!" (आपली चूक इतक्या आनंदानं सांगण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.)

त्यांनी सगळं समजावून सांगेपर्यंत आप्पांचा मोबाईल टिंग वाजला. 'शेळीपालनातून समृद्धी'. 'सोप्या रांगोळ्या'. आप्पांनी ते दोनदा मोठ्यांदा वाचलं. सरपंचकीची निवडणूक जिंकल्यावरही हा माणूस हलला नव्हता, तो आता पंच्यानं डोळे पुसू लागला.

"शेळ्या पाळायच्यात व्हय तिला," आप्पा म्हणाले. "मला इचारायचं तरी. आन् त्यो शिरा... सोपान, त्यो खरा शिरा होता रं! मी गोठ्यात म्हशीला घातला!" त्यांनी सोपानरावांचा खांदा दाबला. "जाऊ दे. चूक मानसाकडनंच व्हती. हा गाळा मी हाय तवर तुमचा. लिवून देतो पायजे तर."

सोपानरावांचा जीव भांड्यात पडला. वाचनालय वाचलं, नोकरी वाचली, कोर्ट टळलं. आप्पांनी खुशीत कारल्याच्या भाजीचा मोठा घास केला आणि तोंडाकडं नेला.

तेवढ्यात सोपानरावांचा मोबाईल वाजला.

टक्कल जाणार म्हणून ते हसत हसत वाचू लागले. "प्रिय वाचक, आपल्याकडे असलेली पुस्तके खालीलप्रमाणे. 'परसबागेतील विषारी वनस्पती'..." त्यांचा आवाज तिथंच बसला. आप्पांनी मान वाकडी करून पुढचं वाचलं. 'पुराव्याअभावी निर्दोष'. 'एकटीचा सुखी संसार'.

आप्पांचा हात तोंडापाशीच थांबला. त्यांनी मोबाईलकडं पाहिलं, मग डब्याकडं, मग सोपानरावांकडं. घास अलगद परत डब्यात ठेवला. उठून हात धुतले. परत एकदा धुतले.

"सोपानराव," ते म्हणाले, "मी घरीच जेवतो आज. शिरा असंल."

"आप्पा, डबा..."

"तुमचा हाय. तुमीच खावा." ते शटरखालून वाकून बाहेर पडले आणि परत आत डोकावले. "मी लई दिस खाल्लाय नव्हं का रं ह्यो डबा? आधी शिरूरला दवाखान्यातच जाऊन येतो."

सोपानराव एकटे उरले. समोर उघडा डबा होता. पुन्हा फोन वाजला. सविता होती.

"अवो, जेवला का? आज कारलं जरा जास्तच कडू झालंय, पन टाकायचं न्हाई. हल्ली डबा कसा लख्ख रिकामा येतो, बरं वाटतं मला. आन् आज भरलेला आनला ना, तर माझ्याशी गाठ हाय!"

फोन बंद झाला. सोपानराव डब्याकडं बघत बसले. डब्यात विष असेलच, अशी खात्री नव्हती. भरलेला डबा घरी नेला तर काय होईल, याची मात्र पूर्ण खात्री होती.

त्यांनी डबा पुढं ओढला आणि चाटूनपुसून साफ केला.